माळ पडीक नाही: माळावरची पाखरं आणि आपला हक्क

(परळी वैजनाथ इथल्या जमीन हक्क मेळाव्यात संघटनेच्या वतीनं केलेलं हे भाषण. ज्या गावा-पाड्यांवरचे लोक येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी पत्रिकेत देत आहोत. बोललेलं शक्यतो तसंच ठेवलं आहे. बैठकीत एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं आणि मग चर्चा करावी.)



आया-बहिणींनो, भावांनो, सकाळपासून आपण दावे, पावत्या, पंचनामे याच्यावर बोललो. आता पाखरांवर बोलायचं म्हटल्यावर मागून एक बाई म्हणाल्या, "आमच्या पोटाचंच ठरंना, आन् पाखराचं काहून काढलं?" मावशी बरोबर बोलल्या. म्हणून आधी हेच सांगतो की जमिनीच्या मेळाव्यात पाखराचा विषय का आणला.

गेल्या काही महिन्यांत आम्ही वस्त्या-वस्त्यांवर बसलो. माळावर कोणकोणती पाखरं राहतात असं विचारलं की माणसं आधी गप्प बसत. मग कुणीतरी हळूच म्हणायचं, "असत्यात, पण लिहून घेऊ नका. पाखरू कागदावर आलं की जमीन जाती." ही भीती खोटी नाही. ती कुठून आली ते आधी पाहू, आणि मग तिच्यावर उपाय काय ते बोलू.

आपल्या आष्टी तालुक्याच्या पलीकडं नगर जिल्हा, आणि खाली सोलापूर. सोलापूरजवळ नान्नजचा माळ आहे. दुष्काळी भागासाठीच्या सरकारी कार्यक्रमात तिथले माळाचे काही तुकडे चराई बंद करून राखले. गवत उभं राहिलं, आणि गवतात माळढोक राहू लागला. तुमच्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हे पाखरू ऐकून तरी माहीत असंल. जवळजवळ कमरेइतकं उंच, नर चौदा-पंधरा किलोपर्यंत भरतो. घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. त्या अंड्यावर बैलाचा पाय पडला, कुत्र्यानं खाल्लं, नांगर फिरला, की त्या वर्षीची वीण गेली.

1979 साली सरकारनं सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर केलं. किती मोठं? 8,496 चौरस किलोमीटर. आपला अख्खा बीड जिल्हा 10,693 चौरस किलोमीटरचा आहे, त्यावरून अंदाज करा. एवढ्या जागेत सगळं गवत थोडंच होतं! गावं होती, विहिरी होत्या, ज्वारीची रानं होती, मालकीच्या जमिनी होत्या. लोकांना कुणी विचारलं नाही. मग बांधकाम असो, रस्ता असो, जमिनीचा व्यवहार असो, प्रत्येक कामात अभयारण्याचा अडसर येऊ लागला. माणसं पाखरावर चिडली. ज्या पाखराला आजोबानं पंजोबानं कधी वैरी मानलं नव्हतं, ते कागदानं वैरी केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि बऱ्याच वर्षांनी अभयारण्य कमी होऊन 1,222 चौरस किलोमीटरच्या आसपास आलं. तोवर नान्नजला माळढोक हाताच्या बोटावर मोजण्याइतके उरले. देशभर मिळून आज तीनशेसुद्धा नाहीत.

आता दुसरी गोष्ट, लांबची. गुजरातेत कच्छमध्ये अबडासा तालुका आहे. समुद्र जवळ, पण पाऊस आपल्यापेक्षाही कमी. कोरडा गवताळ माळ. तिथंही माळढोक. त्याच्यासाठी लाला नावाचं अभयारण्य केलं, ते जेमतेम दोन चौरस किलोमीटरचं. पाखराला कुठं कळतं कुंपण? ते आजूबाजूच्या गावांच्या गौचरात, म्हणजे आपण ज्याला गायरान म्हणतो त्यात राहायचं, चरायचं. तिथली गुरं राखणारी माणसं आणि माळढोक एकाच माळावर पिढ्यान्‌पिढ्या राहिले. आणि मग त्याच माळावर पवनचक्क्या आल्या, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचं अंग जड, आणि डोळे बाजूला असल्यानं त्याला समोरची तार नीट दिसत नाही. तो तारेला धडकून मरतो.

एके ठिकाणी जिल्ह्याएवढं अभयारण्य, दुसरीकडं दोन किलोमीटरचं. एक फार मोठं, एक फार छोटं. पण दोन्हीकडं चूक एकच झाली. माळावर ज्यांचा रोजचा पाय आहे त्यांना विचारलं नाही. दोन्हीकडं पाखरू गेलं, आणि माणसाच्या हातालाही काही लागलं नाही.

आता आपल्याकडं येऊ.

परळीच्या भोवती बालाघाटाचे डोंगर, त्यांच्या उतारावर आणि माथ्यावर माळ. मुरमाड, दोन बोटं माती. सरकारी कागदात याला नाव काय? पडीक. पोटखराब. इंग्रजाच्या राज्यात शिकवलेला हिशेब आहे हा, की ज्या जमिनीतून सारा मिळत नाही ती जमीन वाया. निजाम गेला, इंग्रज गेला, हिशेब तोच राहिला. एकदा का जमीन पडीक ठरली की ती कुणालाही देता येते. कारखान्याला देता येते, राख टाकायला देता येते, खाणीला देता येते. नाहीतर हिरवं करायचं म्हणून तिच्यावर सलग समतल चर खोदायचे आणि गिरिपुष्पाची रोपं लावायची. झाडं लावणं चांगलंच काम, पण गवताच्या माळावर दाट झाडी केली तर माळावरचं पाखरू तिथं राहत नाही. त्याला लांबवर दिसायला पाहिजे. कोल्हा येतोय का, ससाणा येतोय का, ते बघायला उघडं रान लागतं. आणि आपल्या शेळ्या-मेंढ्यांनासुद्धा गिरिपुष्पात काय मिळतं? गुरं त्याला सहसा तोंड लावीत नाहीत.

त्या पडीक जमिनीवर काय काय आहे ते तुम्हीच आम्हाला सांगितलंत. मारवेल, पवन्या, कुसळी. तरवड, बोर, हिवर. बोरीच्या जाळीखाली तित्तराचं घरटं. गवतात लाव्हा. उन्हाळ्यात उघड्या मुरमावर माळटिटवीची अंडी, खड्यांत खडे, पाय पडला तरी दिसू नयेत अशी. पखुर्ड्या थव्यानं पाण्यावर येतात. चंडोल सकाळी गात गात वर चढतो. आणि दसरा झाला की भोवत्या येतात, लांब पंखांचे, गवताच्या अगदी वरून तरंगत जाणारे. थंड मुलखातून, हजारो मैलांवरून येतात ते. दिवसभर नाकतोडे आणि उंदीर टिपतात आणि रात्री झाडावर न बसता उभ्या गवतात जमिनीवर झोपतात.

एका ऊसतोडीच्या मुकादमानं आम्हाला फार चांगलं सांगितलं. तो म्हणाला, "आम्ही कोयता घेऊन निघतो तवा ही येत्यात, आन् आम्ही माघारी येतो तवा ही निघून जात्यात. आमची अन् त्यांची गाठ रस्त्यावरच." पट्टा पडला की आपण परत येतो, चैत्राच्या आगेमागे, आणि भोवत्या त्याच सुमाराला उत्तरेला निघतात. आपल्यासारखंच आहे त्यांचं. जिथं पोट भरंल तिथं सहा महिने, आणि परतायला एक ठिकाण पाहिजे. ते ठिकाण मोडलं की संपलं.

हे झालं त्यांचं, सरकारचं, कंपनीचं. आता आपलं बोलू. कडू आहे, पण आपल्या माणसांत बोलायचं नाही तर कुठं?

माळ आपणही मोडलाय.

गायरानाची लढाई तुम्हाला पाठ आहे. दादासाहेब गायकवाडांचे 1959 आणि 1964 सालचे भूमिहीनांचे सत्याग्रह, मराठवाड्यातली गायरानं, पुढं एकनाथ आवाडांसारख्यांनी याच बीड जिल्ह्यात गावोगाव उभी केलेली माणसं. मार खाल्ला, बहिष्कार सोसला, उभी पिकं जनावरं घालून चारली, तरी मागं हटले नाहीत. 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय निघाला, 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची असा. पण नियमित कुणाचं होणार? ज्याच्याजवळ पुरावा त्याचं. पुरावा काय? दंडाची पावती, गाव नमुना एक-ई मधली नोंद, पंचनाम्यात लिहिलेलं पीक. म्हणजे पेरलेलं दाखवा.

मग आपण काय केलं? जिथं पिकत होतं तिथं तर नांगर घातलाच, पण जिथं दोन बोटं माती आणि खाली खडक, तिथंही घातला. पीक येणार नाही हे माहीत होतं. आलं तर हुलगा-मटकी, तीही शेरभर. पण नांगरलं नाही तर तलाठी लिहील "पडीक", आणि शेजारचा बागायतदार म्हणंल, "ही तर मोकळीच होती." पावसाच्या तोंडावर नांगर फिरतो, आणि नेमकी तीच वेळ बऱ्याच पाखरांच्या अंड्या-पिल्लांची. एका भावानं आम्हाला सांगितलं की नांगरताना टिटवी डोक्यावर येऊन ओरडत होती, पंख मोडल्यासारखं करून लांब नेऊ पाहत होती. तो थांबला नाही. म्हणाला, "थांबलो असतो तर माझा तुकडा गेला असता." त्या भावाला दोष द्यायला आम्ही इथं उभे नाही. नांगर त्याच्या हातात होता, पण तो नांगर तिथवर ढकलला कायद्यानं. ज्यानं नांगरलं तो मालक आणि ज्यानं राखलं तो कुणीच नाही, असं जो कायदा म्हणतो, तो कायदा माणसाकडूनच पाखराचं घर मोडून घेतो.

म्हणून आमचं आजचं म्हणणं एका वाक्यात हे: माळ राखणं हीसुद्धा वहिवाट आहे, ती आपल्या हक्काच्या कागदात लिहून घ्यायची.

हे हवेतलं बोलणं नाही. कायद्यात याला जागा कुठं आहे ते नीट ऐका.

आधी सातबारा काढा. जमीन वनाची आहे की गायरान, ते बघा. दोन्हीचा रस्ता वेगळा आहे, घोळ करू नका.

जमीन वनाची असंल तर 2006 चा वनहक्क कायदा. वैयक्तिक दावा तुम्हाला माहीत आहे, 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा, चार हेक्टरपर्यंत. आदिवासी नसंल त्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. पण त्याच कायद्यात सामूहिक हक्क आहेत. चराईचा हक्क आहे, आणि परंपरेनं जे वन आपण राखत आलो ते राखायचा, वाढवायचा हक्क आहे. याला नांगरलेलं दाखवावं लागत नाही! गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब लिहून घेतला तर तोही पुरावा धरतात. कुठल्या माळावर गुरं जात होती, कुठला पाणवठा, कुठलं गवत कधी कापायचं, कुठं तित्तर, कुठं मोर, हे म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून लिहून घ्या. आणि कलम 5 सांगतं की वन्य प्राणी, वन आणि जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. ती नुसती जबाबदारी नाही, अधिकार आहे.

आता ती भीती. पाखरू लिहिलं की अभयारण्य येईल, मग आपण बाहेर? ऐका. वनहक्क कायदा अभयारण्यातसुद्धा लागू आहे. हक्क तपासून मान्य करायचं काम पुरं होत नाही तोवर कुणाला उठवता येत नाही. एखादी जागा वन्यजीवांसाठी अगदी मोकळी पाहिजे असं सरकारला वाटलं, तर आधी हक्क मान्य करावे लागतात. माणसं आणि प्राणी एकत्र राहूच शकत नाहीत हे दाखवावं लागतं, आणि ग्रामसभेची लेखी संमती घ्यावी लागते. आणि अशी जागा पुढं दुसऱ्या कामाला देता येत नाही. म्हणजे पाखरासाठी म्हणून माणसं उठवायची आणि मागून तिथं कंपनी बसवायची, हे चालणार नाही. हे सगळं कागदावर आहे. कागदावरचं जमिनीवर आणायला संघटना लागते, ते तुम्हाला सांगायला नको.

जमीन गायरान असंल तर गोष्ट अवघड आहे, खोटी आशा दाखवणार नाही. 28 जानेवारी 2011 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा. त्याच वर्षी राज्य सरकारनंही शासन निर्णय काढला. पण त्या निकालातच लिहिलंय की भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी निर्णयानं दिलेल्या जमिनी हा अपवाद होऊ शकतो. म्हणून कसत असलेल्या जमिनीचे कागद जिवापाड जपा. आणि जो माळ पिकत नाही, जो फक्त दाखवायला नांगरतो, त्याबद्दल गावानं एकत्र बसून ठराव करावा: "हा माळ आम्ही सोडलेला नाही, राखलेला आहे." यानं उद्या सातबारा नावावर होईल असं नाही. पण निकाल ज्या सामाईक जमिनीला वाचवा म्हणतो ती आम्हीच वाचवतोय, हे दाखवायला आपल्या हातात काहीतरी राहील. आज आपल्याला अतिक्रमणदार म्हणतात, उद्या राखणदार म्हणावं लागंल.

आता पारधी भावांचं वेगळं बोलायलाच पाहिजे. 1871 च्या कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेला समाज. तो कायदा 1952 साली गेला, संशय गेला नाही. गावात कोंबडी हरवली तरी आधी पालावर येतात. माळाचं पाखरू पारध्याइतकं कुणी ओळखत नाही. तित्तराची बोली तित्तराला कळंल अशी काढतात, गाईच्या आडोशानं पाखराच्या जवळ जातात, पाऊलखूण बघून सांगतात की इथं काल काय बसलं होतं. आजच्या कायद्यानं फासा लावणं बाराही महिने गुन्हा आहे. पण फासा काढून घेतला आणि हातात काय दिलं? काही नाही. अकोला-वाशिमकडं फासेपारधी समाजातल्या माणसांनी 'संवेदना' संस्थेबरोबर वेगळा रस्ता काढला. शिकार आपणहून कमी केली, गवताळ माळ राखायला घेतले, तणमोरासारख्या पाखरावर लक्ष ठेवलं. पावसाळ्यात गवतातून उंच उडी मारून मादीला बोलावणारा तणमोर, माळढोकाचाच लहान भाऊ. जे ज्ञान पकडायला वापरलं तेच राखायला वापरलं. आपल्याकडंही हे होऊ शकतं. पण आमची अट आहे, आधी पारधी कुटुंबाला जमीन, रेशन कार्ड, जातीचा दाखला आणि माळ राखायचं मजुरीचं काम. रिकाम्या पोटाला पाखरू राख म्हणणं हा अन्याय आहे.

आता घरी गेल्यावर काय करायचं, पाच गोष्टी.

एक. गावाचे माळ मोजा. पिकतो तो कुठला, चराईचा कुठला, खडकाळ कुठला. नकाशा काढता आला नाही तर जमिनीवर काटकीनं काढा, पोरं वहीत उतरवतील.

दोन. खडकाळ माळाचा एक तुकडा गावानं नांगराविना ठेवायचा. कुणा एकाच्या कब्जातला तुकडा गेला तर गावानं त्याला चांगल्या जमिनीत वाटा द्यायचा, त्याच्या एकट्यावर भार टाकायचा नाही. हे आधी ठरवा, नाहीतर भांडणं होतील.

तीन. त्या तुकड्यावर जेठापासून दसऱ्यापर्यंत चराई थोडी आवरा. सगळी बंद नको, कारण गुरं फिरली तर गवत चांगलं राहतं. दसऱ्यानंतर गवत कापा, पण मधे पट्टे उभे सोडा. गवताला आग लावू नका. औषध चोळलेलं बियाणं बांधावर उघडं टाकू नका, चंडोल, तित्तर खाऊन मरतात.

चार. नांगरताना अंडी दिसली तर दोन-चार पावलांचा गोल सोडून द्या. महिन्याभरात पिल्लं निघून जातील. गोलाएवढ्या जागेनं कुणाची जमीन जात नाही, पंचनाम्यात "राखीव सोडली" असं लिहून घ्या.

पाच. 2002 च्या जैवविविधता कायद्यानं गावाला लोक जैवविविधता नोंदवही ठेवता येते. ती बाहेरच्या माणसाला लिहू देऊ नका. आपल्या बोलीतली नावं लिहा. भिलांचं नाव, पारध्यांचं नाव, आंधांचं नाव, मराठी नाव, सगळी. कुठं, कधी, किती दिसलं ते लिहा. आता लपवायचं नाही. लपवलेलं पाखरू दुसरा कुणी कागदावर आणतो, मग तो कागद त्याचा होतो. आपण आधी लिहिलं तर तो आपला पुरावा होतो.

मावशींनी सुरुवातीला विचारलं होतं ना, पाखराचं काहून काढलं? मावशी, आम्हाला जे सुचलं ते एवढंच. ज्या कागदानं माळाला पडीक म्हटलं, त्याच कागदानं तुम्हाला भूमिहीन म्हटलं. टिटवीचं अंडं दिसत नाही म्हणून ते नाहीच असं नसतं. आपला हक्कही तसाच, सातबाऱ्यावर दिसत नाही म्हणून नाही असं नाही. दोन्ही एकाच माळावर आहेत, दोन्ही एकदम राखावे लागतील.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येक गावानं आपल्या माळाचा नकाशा आणि पाखरांची यादी घेऊन यावी. पाच नावं आणली तरी चालतील.

जोहार! जय भीम! जमीन आमच्या हक्काची, माळ आमच्या राखणीचा!